लाजेचं काय करायचं?
आयुर्वेदिक मसाजवरच्या या लेखात तेलांबद्दल छान लिहिलंय, पण पहिल्यांदा मसाजला जाणाऱ्याला खरी धास्ती वेगळीच असते: कपडे किती काढायचे? ते कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते.

कंबरदुखीसाठी मी केरळी पद्धतीच्या अभ्यंगाला, म्हणजे अंगभर तेलाच्या मसाजला, गेले होते. आधी वैद्यांनी बीपी, मधुमेह, पाळी, जुनी दुखणी सगळं विचारलं. ताप किंवा अपचन असेल तर मसाज करत नाहीत. आत गेल्यावर एकदाच वापरायची कागदी लंगोट हातात दिली. ती बांधणं हाच सगळ्यात अवघड भाग, खरं सांगते! मसाज करणारी बाईच होती. पुरुषांना पुरुष करतात, आणि कुठे तसं नसेल तर सरळ नाही म्हणावं.

लाकडी द्रोणीवर, म्हणजे मसाजच्या टेबलावर, झोपायचं, कोमट तिळाच्या तेलाचे लांब हात फिरतात. सगळा मिळून पाऊण तास, मग पेटीत वाफ, डोकं बाहेर. मी पहिली दहा मिनिटं अंग आखडून होते. दिवाळीत आई रगडून तेल लावायची, तसंच दुखणार असं वाटत होतं. पण दाब जास्त झाला तर बोला, त्यांना राग येत नाही. मी गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी पिंढऱ्या ठणकत होत्या.

जेवून लगेच जाऊ नका, दोन तास तरी जाऊ द्या. दागिने घरीच ठेवा. आणि येताना जुना ड्रेस घाला, माझ्या फिक्या कुर्त्यावरचे तेलाचे डाग अजून गेले नाहीत.