प्रतिक्रियेला उत्तर : गम लावून हेड गळायचं थांबत नाही

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि चिडून लिहिलेली आहे. पण तिच्यात मुद्दे आहेत, म्हणून दोन ओळींत बोळवण करत नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : यामाहाच्या आरएक्स १०० या मोटरसायकलचं इंजिन नव्याने बांधल्यावर हेड (सिलिंडरवरचं झाकण) का गळतं, यावर मी लिहिलं होतं, आणि हेड काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट करा, असं सुचवलं होतं. कळव्याच्या या दादांचं म्हणणं असं की काच, पॉलिश पेपर, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरालाच नट आवळणारा) हे हौशी लोकांचे चोचले आहेत. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला कुठलाही जुना मिस्त्री हेडखाली दोन पॅकिंगं (गळती अडवणाऱ्या पातळ चकत्या) टाकतो, मध्ये गम लावतो आणि तासाभरात गाडी हातात देतो. हेड काचेवर घासलं तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवा दाबली जाण्याचं प्रमाण) वाढून इंजिन ठोकायला लागतं. शिवाय नवं तांब्याचं पॅकिंग टाकूनही त्यांची गाडी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तापली की हेडपाशी ओली होतेच. मग एवढं वाचून उपयोग काय?

आधी गमचं बघू. आरएक्स १०० चा बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ५० मिमी, म्हणजे पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्रफळ जवळजवळ २० चौरस सेंटिमीटर. पेट्रोल पेटल्यावर दाब चौरस सेंटिमीटरला ४० किलो जरी धरला, तरी हेडला वर ढकलणारा जोर आठशे किलोच्या घरात जातो. हेड धरून ठेवणाऱ्या चार स्टडवर (आटे असलेल्या सळयांवर) वाटला तर प्रत्येकी दोनशे. टू-स्ट्रोक दर फेऱ्याला पेटतं, त्यामुळे ६००० आरपीएमला हा दणका सेकंदाला १०० वेळा बसतो. हा जोर अडवतो स्टडचा ताण. पॅकिंगचं काम फक्त दोन पृष्ठभागांमधला बारीकसा उणेपणा भरून काढायचं. तिथे साधं सिलिकॉन लावलं तर ते पेट्रोलने फुगतं, तापून मऊ पडतं आणि जिथे फट मोठी तिथूनच उडून जातं. काही दिवस गळती थांबल्यासारखी वाटते, कारण फटीत काजळी बसते. तांब्याच्या पॅकिंगवर सीलंटचा पातळ फवारा मारणारे जाणकार आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. ते सपाट हेडवर मारतात.

दोन पॅकिंगांचं तर मला कोडंच आहे. एक पॅकिंग म्हणजे गळायला दोन जागा, दोन पॅकिंगं म्हणजे तीन. वर कॉम्प्रेशन उतरतं आणि पिस्टन-हेडमधली कडेची फट वाढते, म्हणजे पिकअप गेला. हेड वाजवीपेक्षा जास्त कापलं गेलं असेल तर कॉम्प्रेशन खाली आणायला लोक असं करतात. तो उपाय गळतीवरचा नाहीच.

आता खरी गोष्ट. काढलेलं जुनं पॅकिंग तुम्ही फेकून दिलंत, असं प्रतिक्रियेवरून दिसतंय. ते फेकायचं नसतं. उन्हात धरून बघायचं. जिथे नीट दाब बसला तिथे बोअरभोवती चकचकीत, सलग कडं उमटलेलं असतं. जिथून गळलं तिथे ते कडं तुटतं आणि आतून बाहेर काळा ओघळ गेलेला असतो, मधोमध थोडा करडा, भाजलेला. ओघळ एकाच बाजूला, दोन स्टडच्या मध्ये असेल तर हेड वाकलंय किंवा त्या बाजूचा स्टड ताण धरत नाही. सगळीकडेच पुसट कडं असेल तर ताणच कमी पडलाय. आणि कड्याची आतली कडा कुरतडल्यासारखी जळालेली असेल तर बोअरिंगवाल्याकडून आल्यावर कोणी मापच घेतलेलं नाही. ५० चा बोअर ओव्हरसाइज करत करत ५१ वर गेला आणि पॅकिंगचं भोक जुन्याच मापाचं, तर त्याची कडा ज्वालेत लोंबकळते, लाल होते आणि जळते. अशा इंजिनात दहा पॅकिंगं घाला, दहाही जातील.

बांधलेल्या इंजिनाचं आणखी एक दुखणं म्हणजे स्लीव्ह, सिलिंडरच्या आत बसवलेली नळी. नवीन स्लीव्ह ठोकल्यावर तिची कॉलर सिलिंडरच्या तोंडाशी तंतोतंत हवी. केसभर खाली राहिली तर पॅकिंगला बोअरच्या कडेला आधारच नाही. वर राहिली तर हेड तिच्यावर टेकतं आणि बाहेरचा भाग मोकळा. नखाने चाचपडून कळत नाही. पोलादी पट्टी आडवी ठेवून खालून फिलरची पाती (फट मोजायची, ठरावीक जाडीची पट्टी) सरकवायची. ०.०५ मिमीची पाती शिरली तर लेथवाल्याकडे परत जायचं आणि हक्काने करून घ्यायचं. वागळे इस्टेटमध्ये हे काम उत्तम करणारे लोक आहेत, पण त्यांना सांगावं लागतं. नुसतं ‘बोअर करून द्या’ म्हटलं तर ते बोअरच करून देतात.

काचेबद्दल तुमची भीती मी समजू शकतो. काचवाल्याकडून ८-१० मिमी जाडीचा तुकडा आणायचा, वर ४०० नंबरचा पेपर, थोडं डिझेल (रॉकेल आता मिळतंय कुठे), आणि हेडच्या तोंडावर मार्करने आडव्या-उभ्या रेघा मारून, इंग्रजी आठ काढत हलक्या हाताने घासायचं. रेघा सगळीकडून सारख्या गेल्या की थांबायचं. यात निघतो तो फार तर ०.०५ मिमी. ५० च्या बोअरला याचा हिशोब साधारण ०.१ सीसी. हेड उघडल्यावर तुम्ही जी काजळी खरवडून काढता तिची जागा याहून जास्त भरते, म्हणजे एका हाताने घेतलेलं दुसऱ्या हाताने परत. एवढ्यावर इंजिन ठोकत असेल तर टायमिंग तपासा. लेथवर अर्धा मिमी उतरवून आणणं वेगळं, त्याला माझाही विरोधच आहे.

टॉर्क पाना महाग आहे, हा मुद्दा मान्य. मुरलेल्या हाताला अंदाज असतो हेही मान्य. पण अंदाजाचा घोटाळा असा की शेवटचा नट नेहमी जास्त आवळला जातो, आणि स्टडचे आटे ॲल्युमिनियममध्ये असतील तर तेवढ्याने ते उपटून बाहेर येतात. आटे आले की हेलिकॉइलशिवाय (नव्या आट्यांसाठी बसवायची तारेची स्प्रिंग) गत्यंतर नाही. पाना शेजारच्या गॅरेजमधून तासभर मागून आणा. फुलीच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, थंड इंजिनावर.

मूळ लेखात ज्यावर भर दिला होता आणि तुम्ही ज्याचा उल्लेखही केला नाहीत, ते म्हणजे दुसऱ्यांदा आवळणं. ज्या इंजिनात लांब स्टड क्रँककेसपासून (इंजिनाच्या खालच्या भागापासून) हेडपर्यंत जातात, तिथे वरचेच नट खालचं कागदी पॅकिंगही दाबतात. नवा कागद पहिल्या तापण्यात बसतो. शिवाय ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. गाडी तापली की सिलिंडर आणि हेड स्टडपेक्षा जास्त वाढतात, पॅकिंग आणखी चिरडलं जातं, आणि थंड झाल्यावर तो ताण परत येत नाही. म्हणून गाडी एकदा पूर्ण तापवायची, रात्रभर गार होऊ द्यायची आणि सकाळी परत पाना लावायचा. गरम इंजिनावर नाही. तांब्याचं पॅकिंग वापरलं असेल तर ते आधी लालसर तापवून पाण्यात बुडवून मऊ केलेलं हवं. एकदा दबलेलं तांबं कडक होतं.

राहिली तुमची गाडी. ‘हेडपाशी ओली’ म्हणजे नेमकं कुठे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. सायलेन्सरच्या बेंडचं पॅकिंग गळलं तरी टूटीचं (टू-स्ट्रोक ऑइलचं) काळं तेल वाऱ्याने पुढच्या फिन्सवर चढतं. प्लगचा वॉशर सैल असला तरी तेच. सगळं पेट्रोलने पुसून कोरडं करा, सांध्यावर भांड्याच्या साबणाचं पाणी लावा आणि हाताने हळूहळू किक दाबा. बुडबुडा जिथे येईल तीच जागा, वाद संपला.

बुडबुडा हेडच्याच सांध्यातून आला तर हेड उघडण्याआधी नट बघा. तुमच्या गाडीला वरून बंद, टोपीसारखे नट असतील आणि इंजिन बांधताना स्टड बदलले असतील, किंवा नटाखालचा वॉशर कुठेतरी गहाळ झाला असेल, तर नट स्टडच्या टोकाला आतून टेकतो. हाताला वाटतं घट्ट बसला, पाना ‘टक्’ही करतो, पण हेडवर दाब शून्य. इंजिन थंड असताना एक नट काढा आणि आत बघा : तळाला स्टडच्या टोकाचा गोल ठसा उमटलेला असेल तर चोर सापडला. जाड वॉशर घाला किंवा आरपार आट्यांचे नट लावा, आणि चारही नट पुन्हा क्रमाने आवळा. पॅकिंग चिरडलेलं नसेल तर कदाचित तेच चालून जाईल.