सत्कार पदकाचा, खर्च मधल्या वर्षांचा

जुलै २०२५ मध्ये दिव्या देशमुखने बातुमी येथे महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि नागपूरने तिचे ज्या उत्साहाने स्वागत केले, ते पाहून स्कॉटलंडमधील डंडी शहरात राहणाऱ्या माझ्यासारख्या नागपूरकर बाईचाही ऊर भरून आला. त्यानंतर मात्र घरी फोन केला की एकच वाद कानावर पडतो : कोणत्या खेळाडूला किती बक्षीस द्यावे, आणि गोल्फसारख्या साहेबी खेळाला समाजाने काही द्यावे तरी का? माझ्या भाचीने गोल्फ शिकण्याचा हट्ट धरल्यापासून तर हा वाद आमच्या घरातच येऊन बसला आहे. ताईचे म्हणणे असे की, ज्या विदर्भात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हिरवळीवर पाणी ओतणारा खेळ शोभत नाही. भाऊजींना मुलीने खेळलेले हवे आहे, पण ज्यातून पुढे नोकरी लागेल असेच काहीतरी.

दोन्ही आक्षेप रास्त आहेत आणि त्यांना उत्तर द्यायलाच हवे. पण व्यावसायिक गोल्फ खेळणाऱ्या मुलीचा खर्च कसा भागतो, हे दोघांनाही ठाऊक नाही.

७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या शेवटच्या फेरीत बेंगळुरूची गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली आणि तिचे कांस्यपदक अवघ्या एका फटक्याने हुकले. त्या वेळी ती जागतिक क्रमवारीत २०० वी होती; काही आठवड्यांपूर्वीच कोविड होऊन गेल्यामुळे तिचे ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचे लांब फटके, इतरांच्या मानाने आखूड पडत होते आणि ती झुंज तिने जवळजवळ पटिंगच्या, म्हणजे चेंडू हळूच होलमध्ये ढकलण्याच्या कसबाच्या, बळावर दिली. त्या पहाटे सारा देश जागा झाला. परंतु तिने महिलांच्या युरोपीय टूरवरची, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतली, पहिली स्पर्धा २०१६ मध्येच जिंकली होती आणि २०१७ पासून ती अमेरिकेत ‘एलपीजीए’ या महिलांच्या टूरवर खेळत होती, याची आपल्यापैकी किती जणांना कल्पना होती? रिओ ऑलिंपिकमध्ये तिची कॅडी म्हणून, म्हणजे काठ्यांची बॅग उचलून सोबत चालणारी व्यक्ती म्हणून, वडील होते, टोकियोत आई. आपण याचे कौतुक मायेची गोष्ट म्हणून करतो, आणि ती आहेच. पण या व्यवसायात कॅडीचे मानधन, विमानभाडे, मुक्काम आणि प्रवेशशुल्क हे सारे खेळाडूच्याच खिशातून जाते, पगार कुणी देत नाही, आणि पहिल्या फेऱ्यांनंतरचा कट, म्हणजे पुढे खेळत राहण्याची मर्यादा, चुकला की त्या आठवड्याची कमाई साधारणतः शून्य असते. अशी तोट्याची वर्षे कशी निभावायची, यावरच मुलीची कारकीर्द तरते किंवा बुडते, आणि आपल्याकडे चर्चा होते ती मात्र त्यानंतरच्या बक्षिसाची.

गोल्फपटू दीक्षा डागर हे दुसरे उदाहरण. जन्मापासून ऐकू कमी येणाऱ्या या डावखुऱ्या मुलीने २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेची महिला ओपन स्पर्धा जिंकली. तिचे वडील सैन्यातले अधिकारी आणि स्वतः गोल्फ खेळणारे, म्हणून तिला मैदान मिळाले. नागपुरात गोल्फ म्हटले की छावणी किंवा क्लबच आठवतो. ज्या मुलीचे वडील ना सैन्यात आहेत ना क्लबात, तिने कुठे जावे?

माझ्या घरापासून टे नदीचा पूल ओलांडला की थोड्याच वेळात सेंट अँड्र्यूज येते. तिथले ओल्ड कोर्स हे गोल्फचे सार्वजनिक मैदान आहे. रविवारी एरवी तिथे खेळ बंद असतो आणि गावातले लोक कुत्री घेऊन त्याच हिरवळीवर फिरतात. शेजारीच ‘हिमालयाज’ नावाचे उंचसखल पटिंगचे मैदान आहे, जिथे थोडे पैसे भरून कुणीही खेळू शकते, आणि मी तिथे सत्तरीच्या आजीला नातवाच्या बरोबरीने वाकून चढाचा अंदाज घेताना पाहिले आहे. म्हणून इथले सारे आदर्श आहे, असे मी म्हणणार नाही. ते पटिंगचे मैदान सांभाळणारा बायकांचा क्लब १८६७ चा, म्हणजे खांद्याच्या वर काठी उगारणे बायकांना अशोभनीय मानले जाई त्या काळातला. त्याच गावातल्या रॉयल अँड एन्शंट या गोल्फ क्लबाने महिलांना सदस्यत्व दिले ते थेट २०१४ मध्ये. स्कॉटलंडमधल्याच म्युरफील्डच्या गोल्फ क्लबाच्या सभासदांनी तर २०१६ मध्येही नकार दिला आणि ब्रिटिश ओपन स्पर्धेचे यजमानपद गमावल्यावर, २०१७ मध्ये, मत बदलले.

ताईच्या पाण्याच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, नागपूरला अठरा होल्सचे नवे मैदान नकोच. भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला पुरवणाऱ्या शहराला मानकापूरच्या क्रीडा संकुलासारख्या ठिकाणी एक पटिंग ग्रीन, म्हणजे पटिंगच्या सरावाची छोटी हिरवळ, आणि जाळी लावलेला सरावाचा पट्टा तशाच पाण्यावर जोपासणे अवघड नाही. नवशिक्या मुलीला सुरुवातीची काही वर्षे तेवढे पुरते, कारण चेंडू होलमध्ये घालण्याचे कसब लहान जागेतच घोटले जाते.

भाऊजींना नोकरीची हमी मी देऊ शकत नाही, आणि खोटी आशा तर मुळीच दाखवणार नाही. भारतात महिलांची व्यावसायिक टूर २००६ पासून आहे, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अदितीने रौप्यपदकही मिळवले; तरीही व्यावसायिक झाल्यापासून परदेशी टूरचे कार्ड, म्हणजे तिथे खेळण्याचा हक्क, हाती पडेपर्यंतच्या वर्षांचा भार बहुतेक घरांना एकट्याने पेलवणार नाही. राज्य सरकारने पदकविजेत्यांची बक्षिसे अवश्य द्यावीत. पण त्याच तरतुदीतला काही हिस्सा अशा वर्षांतल्या मुलींच्या प्रवासासाठी आणि प्रवेशशुल्कासाठी, दरवर्षी हिशोब तपासून, राखून ठेवावा. भाचीला तोवर मी इतकेच सांगितले आहे की महागडा संच घेऊ नकोस, एक जुना पटर, म्हणजे पटिंगची काठी, पुरेल, आणि तो मी पाठवते.