पिंक फ्लॉइडची सर्वांत आवडती दहा गाणी निवडताना

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बॅंडच्या आवडत्या दहा गाण्यांची यादी करायला बसलाच आहात, तर आधी एक करा. गाणी ऐकू नका. ऐकायला लागलं की आवड सरकते, कालचं तिसरं गाणं आज सातवं वाटायला लागतं, आणि यादी काही तडीस जात नाही. शिवाय यादी वाचणारे गाणी तपासत नाहीत, तुम्हाला तपासतात.

'कम्फर्टेबली नम्ब' पहिल्या क्रमांकावर ठेवायचा मोह होईल. आवरा. त्यातला दुसरा गिटार सोलो ऐकताना अंगावर काटा येतो हे खरं, पण तो सगळ्यांच्याच अंगावर येतो, त्यात तुमचं कर्तृत्व काय? गाणं चौथ्या जागी ढकला आणि बाजूला, लंडनमधल्या मैफलीचा हवाला देत, लिहा, 'अर्थात, १९८० च्या अर्ल्स कोर्टमधलं.' हा 'अर्थात' विसरू नका, सगळा भार त्याच्यावर आहे.

पहिला नंबर 'एकोज'ला. १९७१ सालच्या 'मेडल' या अल्बमची अख्खी दुसरी बाजू, साडेतेवीस मिनिटं. एवढं लांब गाणं आवडतं म्हणणाऱ्या माणसाशी सहसा कुणी वाद घालत नाही. सुरुवातीला बॅंडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइटच्या पियानोचा एकच उंच स्वर येतो, लेस्ली स्पीकरमधून फिरवलेला, पाण्याखाली कुणी काचेवर टिचकी मारावी तसा. त्याचं वर्णन करताना वाक्य अर्धवट सोडून द्यायचं. मध्ये काही मिनिटं चाल नाही, ठेका नाही, नुसता वारा आणि किंकाळ्या. त्या किंकाळ्या बॅंडचा गिटारवादक गिल्मरच्या गिटारच्या, आवाज बदलणारं वा-वा पेडल उलटं जोडल्यावर निघालेल्या. हाच भाग गाण्याचा आत्मा आहे असं ठासून लिहा. तो तुम्ही दर वेळी गाळून पुढे जाता, हे घरातल्या घरात राहू द्या.

'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'पाशी मात्र घाई नको. त्याचे नऊ भाग 'विश यू वेअर हिअर' या अल्बमच्या दोन टोकांना वाटलेले आहेत. मग हे एक गाणं, दोन, की नऊ? एक धरलंत तर लबाडी, दोन धरलीत तर यादीतल्या दोन जागा गेल्या, नऊ धरलीत तर यादीच संपली. कुठलीही बाजू घ्या, फक्त ठाम घ्या. शब्द सुरू व्हायला साडेआठ मिनिटं लागतात. तुमच्या प्रस्तावनेनेही तेवढीच घ्यावीत. प्रस्तावनेत जून १९७५ ची गोष्ट हवीच: बॅंड ॲबी रोड स्टुडिओत याच गाण्यावर काम करत असताना डोकं आणि भुवया भादरलेला एक जाडजूड माणूस आत आला, आणि ज्याच्यावर ते गाणं होतं तो बॅंडचा मूळ गायक सिड बॅरेट हाच, हे त्याच्या जुन्या सोबत्यांना बराच वेळ कळलं नाही. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तरी आवाज खाली आणून सांगायची. आणि सोबत्यांनीही न ओळखलेल्या त्या माणसाला तुम्ही मात्र नुसतं 'सिड' म्हणायचं.

'मनी' घेतलंत तर टेबलावर सात मात्रा मोजून दाखवा. कुणीतरी 'म्हणजे आपला रूपक' म्हणेलच; त्याच्याकडे मायेने बघा. सॅक्सोफोन सातातच वाजतो, पण गिटारचा सोलो आला की गाणं चारावर येतं. तिथे बोटं चुकतात, तेव्हा त्याआधीच डोळे मिटून मान डोलवायला लागावं.

'द ग्रेट गिग इन द स्काय'ला मधली एखादी जागा पुरे. गायिका क्लेअर टॉरीने शब्दांवाचून ते गाणं उभं केलं, मानधन मिळालं ३० पौंड, आणि सहरचनाकार म्हणून नाव लागलं ते खटला भरल्यावर, २००५ च्या तडजोडीत. हे लिहिलंत की तुमच्या न्यायबुद्धीचा क्रमांक आपोआप वर जातो, गाण्याचा वाढवायची गरज नाही.

'अनदर ब्रिक इन द वॉल'चा दुसरा भाग यादीत दिसता कामा नये. १९७९ च्या नाताळात ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. इतक्या लोकांना आवडलेलं गाणं तुम्हाला आवडून कसं चालेल? 'हाय होप्स'चंही जपून. ते १९९४ चं, आणि बॅंडचा मुख्य गीतकार वॉटर्सने बॅंड सोडला १९८५ मध्ये. त्यानंतरच्या बॅंडला बॅंड न मानणारे लोक अजून धडधाकट आहेत.

राहिला नववा क्रमांक. तिथे 'शेमस' घाला. 'मेडल'वरचंच, दोन-सव्वादोन मिनिटांचं ब्लूज, ज्यात त्याच नावाचा कुत्रा सुरुवातीपासून शेवटपर्यंत रडतो. बहुतेक जण ते तळाला टाकतात. तुम्ही खुलासा न देता नववं ठेवा, आणि कुणी विचारलंच तर 'पुन्हा ऐक' एवढंच म्हणा. तो बिचारा खरंच ऐकेल. त्याच्या पुढच्या यादीत ते आठवं असेल.