हा प्रोग्राम नेमका कोणाचा?

संगणक सुरू होऊन पाच मिनिटेही होत नाहीत तोच पंखा घरघरू लागतो, आणि टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारे विंडोजचे साधन) उघडून पाहावे तर चार अक्षरे व दोन आकडे एवढेच नाव असलेला तोच अनोळखी प्रोग्राम निम्मा प्रोसेसर अडवून बसलेला दिसतो. बंद केला की मिनिटभरात पुन्हा हजर, कारण प्रोग्राम ठरल्या वेळी आपोआप सुरू करणाऱ्या टास्क शेड्यूलरमध्ये त्याची नोंद कोणीतरी आधीच करून ठेवलेली असते. प्रोग्राम कोणी बनवला याची खात्री देणारी डिजिटल स्वाक्षरी तपासावी, तर तीही नाही! पडद्यामागच्या सेवा चालवणारा विंडोजचा खरा 'एसव्हीसीहोस्ट' प्रोग्राम सिस्टम३२ या विंडोजच्याच फोल्डरमधून चालतो, म्हणून भलत्याच फोल्डरमधून त्याचे सोंग घेणारा निदान ओळखू तरी येतो. पण ज्याला ना वर्णन ना प्रकाशक, तो पुसून टाकावा की राहू द्यावा, हे माणसाने ठरवायचे तरी कशाच्या आधारावर?