दुखतं कुल्ल्यात, सांगा कंबरेत

कुल्ल्याच्या आत, खोल कुठेतरी दुखतंय आणि तीन-चार महिने झाले तरी जायचं नाव घेत नाही? मग तुम्ही आता अनुभवी झालात. नवशिक्यांना वाटतं, कारण सापडलं की बरं वाटेल. तुम्ही असल्या भ्रमात राहू नका. कारण सापडलं की उपचार आला, उपचार आला की रोजचा व्यायाम आला, आणि तो तीन महिने न चुकता करायचा म्हणे! त्यापेक्षा कारण सापडूच नये याची काळजी घेणं केव्हाही सोपं.

सुरुवात शब्दापासून करा. या अवयवाला मराठीत शब्द भरपूर आहेत, पण दवाखान्यात उच्चारण्याजोगा एकही नाही. 'ढुंगण' फक्त लहान मुलांना शोभतं. 'कुल्ला' म्हणायला जावं तर समोर डॉक्टरीणबाई बसलेल्या असतात. 'नितंब' म्हटलं की आपण दुखणं सांगतोय की शृंगारिक काव्य वाचतोय, हे आपल्यालाच कळेनासं होतं. 'पार्श्वभाग' छापण्यापुरता ठीक, तोंडाने बोलायला नाही. 'बसायची जागा' म्हणावं तर डॉक्टर खुर्ची पुढे करतात. हा पेच आपल्या वाडवडिलांनी केव्हाच सोडवून ठेवला आहे. 'कंबर दुखते' म्हणायचं आणि तळहात बरगडीपासून गुडघ्यापर्यंत असा एकदा फिरवायचा, की त्यात अर्धं शरीर आलं पाहिजे.

या एका शब्दाने पुढची दोन वर्षं आपोआप मार्गी लागतात. कंबर म्हटल्यावर एमआरआय कंबरेचाच निघणार, आणि कंबरेचा एमआरआय सहसा कोणाला विन्मुख पाठवत नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाठीची कसलीही तक्रार नसलेल्या ९८ माणसांचे असे फोटो काढले होते. मणक्यांमधल्या सगळ्या चकत्या ठाकठीक निघाल्या त्या फक्त ३६ टक्के लोकांच्या. निम्म्याहून अधिक लोकांची निदान एक तरी चकती फुगलेली होती. ही सगळी न दुखणारी माणसं, बरं का. तुमचं तर दुखतंय, तुम्हाला काय कमी पडणार आहे?

मग 'मणक्यात गॅप आलाय' हे वाक्य कानावर पडेल. ते जपून ठेवा. खरं तर चकती झिजली की दोन मणक्यांमधलं अंतर कमी होतं, म्हणजे असलेली गॅप जाते. आपण मात्र ती आली म्हणून सांगत फिरतो. पण इतकं लोकप्रिय निदान दुरुस्त करायला जाऊ नये, लोकांची मनं दुखावतात.

काही वेळा दोष खरोखर चकतीचाच असतो. कंबरेतली नस दबते, कळ मांडीच्या मागून गुडघ्याखाली उतरते, पावलाला मुंग्या येतात, खोकल्या-शिंकल्यावर सणक बसते. तेव्हा फोटोतला दोष आणि अंगातलं दुखणं एकाच नसेचं आहे का, एवढंच पडताळून पाहायचं असतं. तुम्ही ते विचारू नका. फोटोत दोष आहे, अंगात दुखणं आहे, लग्न लावून मोकळे व्हा.

कंबरेचे उपचार करूनही गुण येत नसेल, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी शंका एखाद्याला येईल. तिच्यावर उतारा तयार आहे: पिरिफॉर्मिस. कुल्ल्याच्या आतला हा छोटा स्नायू. त्याच्या खालून कंबरेतून पायात उतरणारी सायटिक नस जाते, आणि काही माणसांत तर ती त्याला भेदून जाते. 'पिरिफॉर्मिस सिंड्रोम' हे नाव १९४७ पासून वापरात आहे आणि ते पक्कं कसं ठरवायचं यावर वाद अजून चालू आहे. म्हणजे आपल्या कामाला याहून सोयीचं निदान नाही. नसेची ठेवण वेगळी असलेली कितीतरी माणसं आयुष्यभर कसलीही तक्रार न करता जगतात, याकडे लक्ष देऊ नका. मागच्या खिशात जाडजूड पाकीट ठेवून त्यावर तासन्‌तास बसत असाल तर तेही काढू नका. १९७८ मध्येच एका वैद्यकीय नियतकालिकात पाकिटामुळे होणाऱ्या सायटिकेची नोंद झाली आहे. एवढ्या जुन्या परंपरेत खंड कशाला?

आता डॉक्टरांनी विचारलंच, 'नेमकं कसं दुखतं?', तर आपल्या भाषेची सगळी श्रीमंती विसरा. ठणका वेगळा, कळ वेगळी, सणक वेगळी, चमक वेगळी. आग होणं, मुंग्या येणं, अवघडणं, भरून येणं हे सगळं निराळं. यातला प्रत्येक शब्द डॉक्टरांना कुठल्या ना कुठल्या दिशेला बोट दाखवतो. म्हणून आपलं उत्तर एकच: 'खूप दुखतं हो.'

'केव्हा दुखतं?' हा प्रश्न त्याहून घातक. मोजे घालताना, गाडीतून उतरताना दुखतं आणि कळ जांघेत येते असं सांगितलंत, तर डॉक्टर लगेच खुब्याचा सांधा फिरवून बघतील. पाय आतल्या बाजूला वळताना अडकला, तर दोन वर्षांची मेहनत दोन मिनिटांत वाया. कुशीवर झोपलं की खुब्याच्या बाहेरच्या हाडावर ठणकतं म्हणालात, तर तिथले स्नायूबंध सापडतील. टणक जागी बसल्यावर बुडाच्या हाडालाच टोचतं म्हणालात, तर मांडीच्या मागचा स्नायू जिथे त्या हाडाला चिकटतो ती जागा दाबली जाईल. गंमत म्हणजे ती जागा दुखत असताना आपण हमखास काय करतो, तर पुढे वाकून पायाचे अंगठे धरतो आणि तोच स्नायूबंध ताणून हाडावर दाबतो. दुखलं की 'चांगला ताण बसतोय' म्हणून आणखी वाकतो. हा व्यायाम मुळीच सोडू नका.

पहाटे दुखण्याने जाग येते, उठल्यावर अर्धा तास अंग आखडलेलं असतं, हिंडल्या-फिरल्यावर मोकळं होतं, कधी उजवा कुल्ला तर कधी डावा, आणि हे सगळं पंचेचाळिशीच्या आत सुरू झालं. ही हकीकत तर ओठांवरही आणू नका. सांध्यांच्या सुजेचा एक आजार नेमका असाच बोलतो. संधिवाताच्या डॉक्टरांनी ती एकदा ऐकली की तुमच्या दुखण्याला नाव मिळतं आणि त्यावर औषधंही आहेत. तुम्ही आपलं 'वय झालं' म्हणा. बत्तिशीतही चालतं. पूर्वी कशासाठी तरी बरेच दिवस स्टेरॉइड घेतली होती, हेही विसरलेलं बरं. त्याने खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि सुरुवातीला साधा एक्स-रे स्वच्छ येतो. स्वच्छ एक्स-रे हातात असताना पुढचं कोण बघतंय?

(इथे एक मिनिट थट्टा बाजूला ठेवतो. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर हा लेख अर्धा टाका आणि त्याच तासाला रुग्णालय गाठा. ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, किंवा पडल्यानंतर पायावर भार देता न येणं, यातलं काही असेल तरी थांबू नका. चला, पुन्हा थट्टेकडे.)

दर भेटीला नवा डॉक्टर गाठा आणि जुने कागद घरी ठेवा. फिजिओथेरपी तिसऱ्या दिवशी सोडा, कारण 'काही फरक नाही'. सांध्यात भूल देणारं इंजेक्शन देऊन दुखणं तात्पुरतं थांबतं का, हे पाहून जागा निश्चित करता येते. पण त्यानंतरच्या चार-सहा तासांत कसं वाटलं ते कुठे लिहून ठेवू नका. आठवड्याने विचारल्यावर 'तेवढ्यापुरतं बरं वाटलं, मग पुन्हा सुरू' असं वैतागून सांगा. तेवढ्यापुरतं बरं वाटणं हेच तर उत्तर होतं, हे त्यांच्याही लक्षात येता कामा नये.

एवढं करूनही कधीतरी एखादे चिकट डॉक्टर भेटतातच. फाइल मिटून बाजूला ठेवतात, फोटो पाकिटातून काढतही नाहीत. म्हणतात, "उभे राहा. आता एका बोटाने दाखवा, नेमकं कुठे?"

बोट निघतं. मागे जातं. तेवढ्यात तुमचं लक्ष अर्धवट उघड्या दाराकडे, दाराशी उभ्या परिचारिकेकडे आणि बाहेर बाकावर बसलेल्या शेजाऱ्यांकडे जातं. बोट वितभर वर सरकतं.

"इथे," तुम्ही म्हणता. "कंबरेत."