दवंडी द्यायला कोतवालाच्या घरात जन्म घ्यावा लागत नाही

आमच्या तालुक्यातल्या प्रोग्रामिंग शिकणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र फिरतंय. मजकूर असा: इव्हेंट पाठवणारा प्रत्येक क्लास एकाच बेस क्लासमधून काढा, इव्हेंटच्या क्लासचंही झाड बांधा, म्हणजे बापाला ऐकलं की लेकरं फुकट, ऐकणाऱ्यांना रिकाम्या मेथड्सचा बेस क्लास द्या, एकदा जोडलं की विसरून जा. इव्हेंट म्हणजे ‘असं असं घडलं’ अशी प्रोग्रामच्या एका भागाने दिलेली दवंडी. क्लास म्हणजे ऑब्जेक्ट घडवायचा साचा, मेथड म्हणजे त्याला येणारं एकेक काम, आणि बेस क्लास म्हणजे ज्याचा वारसा बाकीचे क्लास घेतात तो बाप. मी कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो. यातलं बरंचसं करून पस्तावलोय, म्हणून लिहितो.

आधी तो सामाईक बेस क्लास. सरपंचाला दवंडी द्यायची असते तेव्हा तो कोतवालाला सांगतो, स्वतः कोतवाल होत नाही. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत एका क्लासला बाप एकच. माझा काट्याचा क्लास आधीच सिरियल पोर्टवाल्या (काट्याची वायर संगणकाला जिथे जोडतात त्या पोर्टच्या) क्लासमधून काढलेला होता. इव्हेंट हवेत म्हणून मी सिरियल पोर्टलाच इव्हेंटच्या बेस क्लासखाली नेलं आणि त्याच क्लासमधून काढलेल्या प्रिंटरलाही नको असलेल्या ऐकण्या-ऐकवण्याच्या मेथड्स चिकटल्या. हीच चूक खुद्द जावाने केली होती. तिथला इव्हेंट पाठवण्यासाठीचा ऑब्झर्वेबल हा इंटरफेस (म्हणजे कोणत्या मेथड्स हव्यात एवढंच सांगणारा करार) नव्हे, क्लास आहे. त्यातली सेटचेंज्ड ही मेथड प्रोटेक्टेड, म्हणजे वारसदारांपुरतीच, त्यामुळे त्याचा ऑब्जेक्ट नुसता आत ठेवून काम भागत नाही, वारसा घ्यावाच लागतो. 2017 मध्ये जावा 9 आलं तेव्हा तो क्लास वापरू नका, असा शिक्का त्यावर बसला.

यावर कोणी म्हणेल, क्यूट (Qt) या सी++ च्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे तयार सांगाड्यात, तर सिग्नल पाठवणारं सगळं क्यूऑब्जेक्ट या बेस क्लासमधूनच निघतं. बरोबर. ब्राउझरमध्येही नोड, म्हणजे पानाचा एकेक तुकडा, हा इव्हेंटटार्गेट या क्लासमधूनच येतो. पण तिथे अख्खं घराणं एकाच फ्रेमवर्कने वसवलंय. क्यूटमध्येसुद्धा दोन क्यूऑब्जेक्ट बापांचा एक क्लास चालत नाही. आपल्या कोडमध्ये ‘स्थिर वजन’ नावाचा सिग्नल, म्हणजे ऐकणाऱ्यांची यादी ठेवून त्यांना कळवणारा ऑब्जेक्ट, काट्याच्या क्लासमध्ये एक फील्ड (आतला एक कप्पा) म्हणून ठेवला की पुरतं. ज्याला ऐकायचं त्याने त्या फील्डला जोडून घ्यावं. सी शार्प या भाषेने तर ‘इव्हेंट’ हा शब्दच भाषेत घातलाय.

इव्हेंटच्या झाडाबद्दलचा सल्ला अर्धा खरा आहे. ब्राउझरमध्ये माऊसइव्हेंट हा यूआयइव्हेंटमधून आणि तो इव्हेंटमधून निघतो. काही अडत नाही, कारण वरच्या क्लासमध्ये खरोखर सगळ्यांना लागणारीच माहिती आहे. माझ्याकडे ‘वजन’ हा बाप होता आणि ‘स्थिर वजन’ त्याचं लेकरू. दिवसभराचे क्विंटल मोजणारा भाग बापाला ऐकत होता. पुढे मी ‘रद्द वजन’ हे दुसरं लेकरू काढलं, आणि मोजणाऱ्याने रद्द झालेल्या गाड्यांचा कापूसही बेरजेत घेतला. कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर गप्प, मीही गप्प. फुकट मिळणारं लेकरू आपल्याला हवंच असतं, असं नाही.

रिकाम्या मेथड्सच्या बेस क्लासवर फार बोलत नाही. जावाचं माऊसअडॅप्टर तसंच आहे: त्याचा वारसा घ्यायचा आणि हवी ती रिकामी मेथड त्याच नावाने पुन्हा लिहायची. नावात एक अक्षर चुकलं की तुमची मेथड कधीच बोलावली जात नाही आणि एररही येत नाही. ‘ही बापाचीच मेथड मी पुन्हा लिहितोय’ असं सांगणारी ओव्हरराइडची खूण जावा 5 पासून आहे, ती लावत जा, म्हणजे नाव चुकलं की कंपायलर ओरडतो. शिवाय जावा 8 पासून इंटरफेसमध्येच डिफॉल्ट मेथड (आधीच लिहून ठेवलेली, हवी तरच बदलायची) लिहिता येते, मग त्या बेस क्लासचं काम उरतं कुठे?

सगळ्यात घातक सल्ला शेवटचा: जोडलं की विसरून जा. भरलेल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं, फरक तो कापूस, आणि फरक निघाला की काटापट्टी छापायची, असं आमचं काम. प्रत्येक गाडीसाठी मी नवी खिडकी उघडत होतो आणि ती काट्याच्या इव्हेंटला जोडत होतो. खिडकी बंद झाली तरी काट्याच्या यादीत तिचं नाव तसंच राहायचं. पहिल्या बंडीला एक पट्टी, दुसऱ्या गाडीला दोन, तिसऱ्या ट्रॅक्टरला तीन. दिवाणजींचा फोन आला, “भाऊ, काटा चार पट्ट्या काहून देऊन राह्यला?” मी म्हणालो, प्रिंटर बंद करून चालू करा. केला. पुढच्या गाडीला पाच आल्या. दोष प्रिंटरचा नव्हताच. काट्याच्या हातात मेलेल्या खिडक्यांचे पत्ते होते, त्यामुळे मेमरीतूनही त्या जात नव्हत्या.

आता जोडणारी मेथड एक छोटा ऑब्जेक्ट परत देते. खिडकी बंद होताना त्याचं ‘तोडा’ बोलावलं जातं. विस्मृतीवर उपाय म्हणून काही जण वीक रेफरन्स, म्हणजे ऑब्जेक्टला मेमरीत अडकवून न ठेवणारा पत्ता, सुचवतात. जपून वापरा. जागेवरच लिहिलेल्या लॅम्ब्डाला (बिननावाच्या छोट्या फंक्शनला) दुसऱ्या कोणी धरून ठेवलेलं नसेल, तर मेमरीतला कचरा उचलणारा गार्बेज कलेक्टर तो कधीही उचलून नेतो, आणि मग पट्टी एकही छापली जात नाही.