नऊ क्रियापदं आणि एक माकड

जुनी कागदपत्रं शोधताना फ्लॉप्यांचा डबा सापडला आणि पुढचे तीन रविवार हातातून गेले ते गेलेच. डब्यात मंकी आयलंड २ होता. १९९१ चा गेम. ज्यांनी खेळलाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही खेळला त्यांना सांगून उपयोग नाही, तरी सांगतो: गायब्रश थ्रीपवूड नावाचा एक बावळट समुद्री चाचा, पडद्याच्या खालच्या बाजूला नऊ क्रियापदं (द्या, उचला, वापरा, उघडा, बघा, ढकला, बंद करा, बोला, ओढा) आणि एवढ्या नऊ शब्दांत सगळं जग हाताळायचं. अडकलात तर खिशातली प्रत्येक वस्तू समोरच्या प्रत्येक वस्तूला लावून बघायची. आम्ही ह्या पद्धतीला 'लावून बघ' असंच म्हणायचो, आणि खरं सांगतो, ती मला आयुष्यात बीजगणितापेक्षा जास्त उपयोगी पडलीय.

माझा ह्या गेमशी एक जुना हिशोब बाकी होता. त्यात एका धबधब्यापाशी एक पंप आहे, तो फिरवून पाणी बंद करायचं. त्यासाठी काय करायचं, तर बारमध्ये पियानो वाजवणारं जे माकड आहे त्याच्यासमोर मेट्रोनोमला (म्हणजे ताल धरायला डुलणाऱ्या काट्याच्या यंत्राला) केळं लावायचं, माकड ते डोलणारं केळं बघत संमोहित होऊन ताठ होतं, मग त्याला उचलून खिशात टाकायचं आणि पार दुसऱ्या बेटावर जाऊन पान्यासारखं पंपाला लावायचं. का? तर इंग्रजीत एका प्रकारच्या पान्याला मंकी रेंच म्हणतात म्हणून! आता मला लहानपणी पाना माहीत होता, माकडही माहीत होतं, पण ह्या दोघांचं नातं कोण सांगणार? मी त्या पंपाला अख्खं वर्ष फावडं, दोरी, हाताला लागेल ते लावून बघितलं. शेवटी उत्तर दुसऱ्या कुणीतरी सांगितलं आणि तो अपमान आत कुठेतरी तसाच राहिला होता. ह्या वेळी माकड मी माझ्या हाताने लावणार होतो.

पहिलं कोडं म्हणजे फ्लॉपी घालायची कुठे. लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून बघितला, मग एका मित्राकडून यूएसबीवाला फ्लॉपी ड्राइव्ह उसना आणला. तो चालू झाला तसा खर्र, खट्ट, खर्र असा आवाज आला, मला एकदम गहिवरून आलं आणि पोरगी आतून पळत आली, "बाबा, काय मोडलं?" तिसरी फ्लॉपी वाचली जाईना. उचला, ओढा, ढकला, सगळं झालं. मग तिचं ते पत्र्याचं झाकण सरकवून फुंकर मारली, जे करू नये म्हणतात, आणि सहाव्या खेपेला वाचली. फुंकर हे दहावं क्रियापद आहे एवढंच ह्यावरून समजा.

फाइली आल्या. डबल क्लिक केलं. हा प्रोग्रॅम तुमच्या कॉम्प्युटरवर चालणार नाही, असा निरोप आला. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, विंडोज ९५, पुन्हा तोच निरोप. नंतर वाचल्यावर कळलं की ६४ बिटच्या विंडोजमध्ये डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जुन्या सिस्टिमचे, १६ बिटी प्रोग्रॅम चालवायची सोयच नाही, तो थरच काढून टाकलाय. म्हणजे यंत्र दुबळं आहे असं नाही, त्याला ती जुनी भाषाच समजत नाही.

त्यावर उपाय डॉसबॉक्स. २००२ पासून आहे आणि फुकट आहे. हा तुमच्या कॉम्प्युटरच्या पोटात नव्वदच्या दशकातला एक खोटा कॉम्प्युटर उभा करतो, खोटा प्रोसेसर, खोटं साउंड कार्ड, सगळं. उघडला की काळी खिडकी आणि झेड कोलन. मग माउंट करून त्याला सांगायचं की बाबा रे, ह्या फोल्डरला तू सी ड्राइव्ह समज, आणि तो गरीब बिचारा समजतो.

गेम सुरू झाला! टपालाच्या तिकिटाएवढा. मूळ चित्र ३२० बाय २००, म्हणजे सगळे मिळून ६४,००० ठिपके, आणि माझ्या स्क्रीनवर २० लाख ७३ हजार ६०० मावतात. ताणून फुलस्क्रीन केला तर गायब्रश आडवा सुटला, अगदी लग्नानंतरच्या माझ्यासारखा. कारण असं की तेव्हाचे मॉनिटर ४:३ चे, त्यांच्यावर तेच ठिपके जरा उभट दिसायचे आणि चित्र काढणाऱ्यांनी तो हिशोब धरूनच काढलेलं. त्यासाठी सेटिंगच्या फाइलीत आस्पेक्ट नावाची एक ओळ बदलावी लागते. ती शोधण्यात पहिला रविवार संपला.

दुसऱ्या रविवारी माउस अडकला. डॉसबॉक्सच्या खिडकीत एकदा क्लिक केलं की तो माउस आत ओढून घेतो आणि सोडत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नेमका त्याच वेळी ऑफिसचा कॉल वाजायला लागला, खिडकीच्या बाहेर हिरवं बटण दिसतंय आणि माझा बाण मात्र आतल्या आत भिंतींवर डोकं आपटतोय. मी एस्केप दाबलं, सगळी बटणं दाबली, शेवटी पॉवरचं बटण धरून ठेवलं. साहेबांना सांगितलं, नेट गेलं होतं. कंट्रोल एफ१० दाबलं की माउस सुटतो, हे रात्री कळलं.

मग वेग. गायब्रश वाळूत रुतल्यासारखा चालत होता. वेग वाढवायला कंट्रोल एफ१२, कमी करायला कंट्रोल एफ११, हे सोपं वाटतं पण माझ्या लॅपटॉपवर ह्या बटणांना उजेड आणि आवाज कमीजास्त करायची कामं दिलेली, त्यामुळे बराच वेळ गायब्रश तसाच रांगतोय आणि खोली उजळतेय असं चाललं होतं. एफएनचं बटण सापडल्यावर मी इतका सूड घेतला की पंखा घोंगावायला लागला आणि गाणं तुटून तुटून यायला लागलं. वेग जास्त झाला तरी वैताग असतोच म्हणा, ग्रिम फँडँगो (१९९८) नावाच्या दुसऱ्या एका गेममध्ये एका लिफ्टमध्ये फोर्कलिफ्ट नेमक्या क्षणी हलवायची असते आणि पुढच्या फास्ट कॉम्प्युटरवर ती लिफ्ट अशी सुसाट जायची की ते कोडं सुटणंच शक्य नव्हतं.

सगळं जमलं. गेमच्या सुरुवातीची नाचणारी माकडं आली, पोरीला हाक मारली. ती म्हणाली, "चित्र अजून लोड होतंय ना?" मी म्हणलं, नाही, हेच चित्र आहे. "अच्छा," म्हणाली, ज्या आवाजात आपण आजारी माणसाशी बोलतो त्या आवाजात. आणि मग हत्ती गेला नि शेपूट अडकलं: गेमने विचारलं, अमुक जादूच्या काढ्यात तमुक वस्तू किती घालायची? हे कॉपी प्रोटेक्शन, म्हणजे चोरून नक्कल केलेला गेम चालू नये म्हणून. डब्यासोबत पुठ्ठ्याची एक फिरती चकती यायची, ती फिरवून आकडा बघायचा. माझी चकती कुठे असेल? ती मी सहावीत असताना भोवरा म्हणून फिरवली होती.

मित्राला फोन केला. तो म्हणाला, "अरे, स्कमव्हीएम टाक ना." स्कमव्हीएम २००१ पासून आहे. तो मूळ प्रोग्रॅम चालवतच नाही, फक्त गेमच्या डेटा फाइली घेतो आणि स्वतःच तो गेम खेळवतो. वेग नीट, उंची-रुंदी नीट, चकतीचा प्रश्नही गाळून टाकतो. तीन मिनिटांत झालं. तीन मिनिटांत! मला आनंद व्हायला हवा होता, पण परीक्षेला रात्रभर जागून गेलं आणि पेपरच रद्द झाला असं काहीतरी वाटलं.

असो. सोपा की अवघड असं विचारल्यावर बाणेदारपणे अवघड निवडलं. लार्गो नावाच्या गुंडाने पुलावर गायब्रशला उलटा करून पैसे काढून घेतले. समोर वुडटिक गाव. इथे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी शिरलं की तीच चाल न तुटता वेगळ्या वाद्यांवर सरकते, त्यासाठी गेम बनवणाऱ्यांनी आयम्यूज नावाची खास पद्धत बनवली होती आणि ती पहिल्यांदा ह्याच गेममध्ये आली. मी गावात शिरणार, एवढ्यात लक्षात आलं की आवाज ॲडलिब ह्या जुन्या, साध्या साउंड कार्डाचा येतोय. हीच चाल रोलंड एमटी-३२ ह्या संगीताच्या यंत्रावर काय ऐकू येते माहितीये का? लहानपणी ते यंत्र आमच्या ऐपतीच्या पार बाहेर होतं, पण आता स्कमव्हीएममध्ये खोटं एमटी-३२ आहे, फक्त त्याला मूळ यंत्राच्या चिपमधून उतरवलेल्या दोन रॉम फाइली द्याव्या लागतात.

तिसऱ्या रविवारी रात्री दीड वाजता पोरगी पाणी प्यायला उठली. गायब्रश पुलाच्या टोकाला, गावाच्या पाटीपाशी उभा.

"बाबा, हा हलत का नाही? पुन्हा बिघडलं?"

"नाही गं, एकदम मस्त चाललंय. त्याला जरा थांबवलंय, मी आवाजाचं बघतोय."

तिने वाकून स्क्रीनकडे बघितलं. "ती पाटी फावड्यावर ठोकलीय. ते घे ना."

"आधी आवाज," मी म्हणलं आणि दुसरी रॉम फाइल शोधायला लागलो.